नदीला डेडलाईन कळत नाही

हल्ली कुठल्याही छंदाची सुरुवात एक्सेल शीटने होते. गिटार शिकायचीय? शीट. सह्याद्रीतले किल्ले करायचेत? शीट. इथवर माझी काही तक्रार नाही, गिटारची तार तुटली म्हणून कुणी मरत नाही. पण गेल्या काही वर्षांत व्हाइटवॉटर कयाकिंग शिकायला निघालेली बरीच मंडळी भेटली (पुण्या-मुंबईची, बहुतेक आमच्याच आयटीतली) आणि जवळजवळ प्रत्येकाकडे तीच यादी. मार्चपर्यंत रोल. मे महिन्यात ग्रेड तीन. दिवाळीपर्यंत ग्रेड चार. पुढे 'स्टेटस'चा रकाना, त्यात हिरवा-पिवळा-लाल. मला हे नुसतं हास्यास्पद वाटत नाही, धोक्याचं वाटतं. म्हणून आज जरा भांडतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राफ्टिंग म्हणजे रबराच्या मोठ्या तराफ्यात सातआठ जण, मागे गाईड. कयाक म्हणजे एकट्याची अरुंद होडी, कमरेभोवती घट्ट बसणारा स्प्रे स्कर्ट, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. होडी उलटली की तुम्ही डोकं खाली, पाय वर, पाण्याखाली. वल्हं आणि कमरेचा हिसका यांच्या जोरावर होडीसकट परत सुलटं होणं म्हणजे रोल. ते जमलं नाही तर स्कर्टची पुढची दोरी ओढायची आणि बाहेर पडायचं. मग होडी एकीकडे, वल्हं दुसरीकडे, आणि तुम्ही वाहत वाहत तिसरीकडे :)

आता त्या यादीकडे वळू. 'ग्रेड चार' हे ध्येय म्हणून लिहिणारा एक साधी गोष्ट विसरतो. ग्रेड नदीच्या त्या टप्प्याची असते, माणसाची नसते. ती एक ते सहा अशी मोजतात, आणि पाणी चढलं-उतरलं की तोच टप्पा वेगळा होतो. आपली कोलाडजवळची कुंडलिका घ्या. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून खाली उतरतं आणि सकाळी सोडलं जातं, म्हणून तिथे उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. पाणी बंद झालं की काही तासांनी तिथे नुसते दगड. मग तुम्ही त्या दिवशी नेमकी कुठली ग्रेड 'केली'? पाणी गार असेल किंवा जागा आडवाटेची असेल, तर अमेरिकेतली मंडळी तोच टप्पा एक पायरी वरचा धरून चालायला सांगतात. कारण खळाळ तितकाच असला तरी चुकीची किंमत वाढलेली असते. शीटमध्ये हे कुठे मांडणार?

या याद्यांच्या मुळाशी ते 'स्मार्ट' गोल्सचं प्रकरण आहे. जॉर्ज डोरान नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली मॅनेजमेंटच्या एका मासिकात छोटासा लेख लिहून ही पाच अक्षरं मांडली. कंपनीच्या मॅनेजरांनी उद्दिष्टं कशी लिहावीत, एवढाच त्याचा विषय होता. आज लग्नापासून मॅरेथॉनपर्यंत सगळीकडे ती चिकटवलेली दिसतात. त्यातलं शेवटचं अक्षर वेळेचं. ऑफिसात तारीख चुकली तर साहेब ओरडतो. नदीवर तारीख पाळायला गेलं की माणूस ३० डिसेंबरला, दमलेला असताना, पाणी जास्त असताना, सोबत धड कुणी नसताना होडी सोडतो. का? तर रकाना लाल राहायला नको!

आता त्या रोलबद्दल. यादीत पहिला नंबर त्याचाच, आणि चार दिवसांचे कोर्स विकणाऱ्यांनाही तो फार आवडतो, कारण फोटो छान येतो. मी रोलच्या विरोधात नाही. रोल यायलाच हवा. पण तलावातला रोल म्हणजे काय ते जरा पाहा. पाणी कोमट आणि नितळ. कधी उलटायचं ते तुम्ही ठरवता, कुठल्या बाजूला तेही तुम्हीच. नदीत हे सगळं नदी ठरवते. पाणी इतकं फेसाळ असतं की वल्ह्याला आधार सापडत नाही, आणि खाली दगड असतात, म्हणून आधी होडीवर पुढे झुकून तोंड वाचवायचं असतं. अशा वेळी 'रोल : झालं' ही हिरवी खूण माणसाला खोटा धीर देते. ज्याला अजून रोल येत नाही तो निदान घाबरून तरी असतो.

माझ्या मते सुरुवातीचं वर्ष ज्यावर घालवावं ती गोष्ट कुणाच्याच यादीत नसते. तिला एडी म्हणतात. प्रवाहात मोठा दगड असला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी धावतं, पण दगडाच्या मागे ते शांत असतं, किंबहुना थोडं उलटं, वरच्या दिशेला फिरतं. ती एडी. मधल्या धारेतून त्या शांत जागेत शिरायचं, थांबायचं, पुढचं पाणी वाचायचं आणि पुन्हा धारेत यायचं. कयाकिंगचं व्याकरण इतकंच आहे. दोन प्रवाहांच्या सीमेवर पाणी होडीला पिळवटतं. तिथे सायकल वळवताना झुकतो तसं, वळणाच्या आतल्या बाजूला झुकावं लागतं. घाबरून उलट्या बाजूला झुकलात की पाणी होडीच्या कडेवर चढतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तुम्ही उलटे. हे वाचून येत नाही, शंभर वेळा करून येतं, आणि त्यासाठी ग्रेड दोनचं साधं पाणी पुरतं. ज्याला हवी ती एडी पकडता येते तो नदीत कुठेही थांबू शकतो. ज्याला येत नाही तो ग्रेड चारमधून सुखरूप खाली आला तरी वाहूनच आलेला असतो. काठावर टाळ्या मात्र दोघांनाही सारख्याच मिळतात.

आमच्या ऑफिसातला एक मुलगा या मुद्द्यावर माझ्याशी तासभर वाद घालत होता. त्याचं म्हणणं, "दादा, ध्येय नसेल तर माणूस रविवारी उठणारच नाही." यात तथ्य आहे, आणि मी ते नाकारत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी ध्येयांच्या मानसशास्त्रात अनेक दशकं काम केलं, आणि अवघड, नेमकं ध्येय माणसाला जास्त काम करायला लावतं हे त्यांनीच दाखवलं. पण त्याच अभ्यासातून हेही पुढे आलं की काम गुंतागुंतीचं आणि नवखं असेल, तर निकालाचं ध्येय उलट नुकसान करतं. तिथे शिकण्याचं ध्येय द्यावं, म्हणजे 'इतकं मिळव' ऐवजी 'हे करायच्या इतक्या पद्धती शोध'. ध्येयवाले लोक पहिला अर्धा भाग पोस्टरवर छापतात, दुसरा गिळतात.

त्या मुलाला मी विचारलं, तुझ्या यादीत पोहणं आहे का? म्हणाला, मला पोहता येतं. अरे, पट्टीचे पोहणारेच बुडतात असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत! वाहत्या पाण्यात पडल्यावर पाठीवर व्हायचं, पाय पुढे आणि वर, आणि पाणी कंबरभर दिसलं तरी उभं राहायचं नाही. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे पाडतं आणि दाबून धरतं. कंबरभर पाण्यात माणसं अशीच जातात. पण पुढे आडवं पडलेलं झाड असेल तर हाच नियम उलटा होतो. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस जात नाही, म्हणून तिथे पालथं होऊन झाडाकडे जोरात पोहायचं आणि वर चढायचं. हे साध्या पाण्यात, मुद्दाम पडून, पुन्हा पुन्हा करायला हवं. तसंच थ्रो बॅग. पिशवीतली दोरी वाहत्या माणसाच्या हाताशी पडेल अशी फेकणं, तीही घाईत. ही दोन्ही कामं दुसऱ्याला वाचवायची किंवा दुसऱ्याने आपल्याला वाचवायची. वैयक्तिक शीटमध्ये दुसऱ्या माणसाला जागाच नसते, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप. तुझ्यासोबतचा माणूस तुला बाहेर काढू शकतो का, या प्रश्नाला हिरवा रंग कोण देणार?

आणि आपल्याकडचा खास धोका म्हणजे बंधारे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीनदीवर आहेत. वरून पाणी सांडत असलं की दिसायला अगदी साधं, जेमतेम चारपाच फुटांची पडी, आवाजही फारसा नाही. पण पायथ्याशी पाणी स्वतःभोवतीच फिरत राहतं आणि जे सापडेल ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून खाली नेतं. नैसर्गिक खळाळात बहुधा कुठेतरी सुटायला वाट असते, इथे या काठापासून त्या काठापर्यंत एकच सरळ रेघ. कसलेला कयाकरही अशा जागी होडीतून उतरतो, होडी खांद्यावर घेतो आणि काठाने चालत पुढे जातो. याला पोर्टेज म्हणतात. जगातले नावाजलेले कयाकरसुद्धा ते करतात आणि कुणी त्यांना हसत नाही. 'या वर्षी किती ठिकाणी होडी उचलून नेली' असा रकाना मी अजून एकाही शीटमध्ये पाहिलेला नाही.

तर कुणाला यादी करायचीच असेल तर माझी घ्या. एकच ग्रेड दोनचा टप्पा, दहा वेळा, दर वेळी वेगवेगळ्या एडी पकडून. मुद्दाम पोहणं, दर फेरीला एकदा. थ्रो बॅग, प्रत्येक हाताने वीस वेळा. रोल, दोन्ही बाजूंनी, आधी तलावात आणि मग वाहत्या पाण्यात. पावसाळ्यात ऋषिकेशला गंगेवर बंदीच असते, तेव्हा तलाव गाठा. तारखेचा रकाना कोरा ठेवा. आणि पोर्टेजच्या रकान्यात वर्षाखेरीस शून्य असेल, तर मला फोन करून सांगा तुम्ही कुठल्या नदीवर होतात.