दोन वह्या आणि एक धुराडे

मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये प्रतिज्ञा केली, की 2030पर्यंत ती जितका कार्बन हवेत सोडेल त्याहून अधिक काढून घेईल. आणि 1975 साली स्थापना झाल्यापासून थेट व वीजवापरातून जेवढा सोडला, तोही 2050पर्यंत परत घेईल. अशा प्रतिज्ञांचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या कोणत्या मापाने मोजायच्या, हे विचारण्याची मात्र नाही.

कंपनीचा 2024 चा पर्यावरण अहवाल या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. 2020च्या तुलनेत 2023 या आर्थिक वर्षात एकूण उत्सर्जन 29.1 टक्क्यांनी वाढल्याची कबुली त्यात आहे. या वाढीचा दोष बहुतांशी पुरवठासाखळीकडे जातो: डेटा सेंटरच्या बांधकामातले पोलाद, सिमेंट आणि आतल्या चिप्स. स्वतःच्या कारभारातले व वीजवापरातले उत्सर्जन मात्र 6.3 टक्क्यांनी घटले, असे अहवाल सांगतो.

ही घट कुठल्या वहीतली? विजेच्या उत्सर्जनाचा हिशेब दोन रीतींनी मांडला जातो. पहिली स्थानाधारित: जिथे वीज वापरली, तिथल्या ग्रिडमध्ये ती कशी निर्माण झाली ते पाहायचे. दुसरी बाजाराधारित: हरित वीज खरेदीचे करार आणि प्रमाणपत्रे दाखवून तेवढ्या विजेपुरते उत्सर्जन शून्य लिहायचे. त्या वर्षी दुसऱ्या वहीत मायक्रोसॉफ्टचे विजेचे उत्सर्जन सुमारे 4 लाख टन होते. पहिल्या वहीत सुमारे 80 लाख टन. म्हणजे वीसपट. 6.3 टक्क्यांची घट दुसऱ्या वहीतली आहे. पहिल्या वहीनुसार त्याच तीन वर्षांत हा आकडा जवळजवळ दुपटीला पोहोचला.

पुण्यात या कंपनीची डेटा सेंटर 2015 पासून आहेत. महाराष्ट्रातली वीज आजही मुख्यतः कोळशाची. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. बाजाराधारित हिशेबाच्या नियमांत राजस्थानातली दुपारची सौरवीज पुण्यातल्या मध्यरात्रीच्या वापरापुढे लिहिण्यास आडकाठी नाही. त्या रात्री ग्रिडला वीज पुरवणारे धुराडे कोणत्याच वहीला विचारून धूर सोडत नसते.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते पोकळ नाही. दीर्घ मुदतीच्या खरेदी-करारांमुळे नवे सौर व पवन प्रकल्प उभे राहतात. खरेच राहतात, त्याचे श्रेय कंपनीला द्यावे. पण देणगी दिली म्हणून घरचा खर्च कमी झाला, असे कोणी म्हणत नाही. दोन नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात, एवढेच मागणे आहे. अधिक प्रामाणिक माप अशक्य आहे, असेही नाही. प्रत्येक तासाचा वापर त्याच ग्रिडमधल्या कार्बनमुक्त विजेने भागवण्याचे लक्ष्य गूगलने 2020 मध्ये जाहीर केले. त्या गूगलचेही एकूण उत्सर्जन 2019 ते 2023 या काळात 48 टक्क्यांनी वाढले, हे खरे; परंतु कठोर मापाने अपयश निदान दिसते तरी.

भाषेच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये, कारण हा घोटाळा शब्दांतूनही होतो. ‘नेट झीरो’, ‘कार्बन न्यूट्रल’ हे शब्द वर्तमानपत्रांनी जसेच्या तसे उचलले आणि त्यांबरोबर कंपन्यांची पसंतीची वहीही उचलली. शून्याला विशेषण लावावे लागते, तेव्हा ते शून्य उरलेले नसते.

मायक्रोसॉफ्टने दोन्ही आकडे छापले आहेत. ते लपवल्याचा आरोप करता येणार नाही. आरोप आहे तो वाचणाऱ्यांवर आणि बातमी देणाऱ्यांवर. मथळ्यात पहिल्या वहीचा आकडा येऊ द्या, टक्केवारीऐवजी टन येऊ द्या. मग 2030 च्या प्रतिज्ञेचे कौतुक करायचे की नाही, ते ठरवू.