पाटीला चार्जिंग लागत नाही

शिक्षण सुधारण्याची हौस आपल्याकडे जेवढी आहे, तेवढी रस्ते सुधारण्याची असती तर माझी कंबर अजून शाबूत असती. दर पिढीला कोणीतरी नवे यंत्र खांद्यावर घेऊन येतो आणि जाहीर करतो, "आता खडू-फळ्याचे दिवस भरले!" १९१३ साली एडिसनसाहेबांनी सांगून टाकले होते की सिनेमा आला, आता शाळेतली पुस्तके लवकरच बाद होणार. माणूस थोर शास्त्रज्ञ खरा, पण आपल्याकडची गाइडे त्याने पाहिली नव्हती! १९७५ साली उपग्रहाने २४०० खेड्यांत टीव्ही उतरवला. १९८४ साली निवडक शाळांत कॉम्प्युटर आले. २०११ साली 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट निघाला आणि बहुतेकांच्या हाताला नावाप्रमाणेच लागला नाही.

आता तर वर्गावर्गांत टॅब्लेट आणि विषयागणिक अ‍ॅप. आमच्या शेजारच्या नातवाला मी विचारले, "बाळ, सात नव्वे किती?"

"आजोबा, चार्जिंग संपलंय."

आता बोला! आमच्या वेळी चार्जिंग मास्तरांच्या छडीत असायचे आणि ते कधी संपत नसे. छडी गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर मास्तरही जाणार की काय, ही माझी खरी धास्ती आहे.

हाच मुलगा ५२ वजा ३८ बरोबर २६ असे उत्तर देतो. अ‍ॅप फुली मारते आणि अस्वल नाचवत म्हणते, 'पुन्हा प्रयत्न करा.' मग तो दुसरा पर्याय दाबतो, तिसरा दाबतो. चौथ्या खेपेला देव पावतो आणि चांदण्यांचा पाऊस पडतो. गणित आले का? छे! बोट दाबायला आले. बाई असत्या तर नुसत्या विचारत्या, "कसं काढलंस रे?" आणि तेवढ्यात त्यांना कळते की दोनातून आठ जात नाहीत म्हणून या पठ्ठ्याने आठातूनच दोन वजा केले. मुलगा मठ्ठ नाही. शेजारच्या दशकाकडून उसने घ्यायचे, एवढेच राहून गेले आहे. चूक कुठली हे अ‍ॅपही सांगते. चूक का झाली हे कळायला पोराच्या तोंडाकडे बघावे लागते.

पण बाईंना तोंडाकडे बघायला सवड कुठली? त्या खिचडी किती जणांनी खाल्ली ते मोबाइलवर भरत असतात, आणि रेंज मिळावी म्हणून हात वर करून पटांगणात उभ्या असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, बाईंनाच शिक्षा झाली आहे!

तुम्ही म्हणाल, म्हातारा बुरसटलेला आहे. अहो, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. त्यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून दिली. मला अभिमान आहे. पण ते पारितोषिक शिक्षकाचे होते, क्यूआर कोडचे नव्हते. आणि वाटून खाण्याची बुद्धी अजून कुठल्या अ‍ॅपमध्ये आलेली नाही.

उलट लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ साली प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचा घाट घातला. पोरांनी थोड्याच दिवसांत त्याची कुलपे उघडून फेसबुक गाठले, आणि २०१४ साली कंत्राटच गुंडाळावे लागले. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने २०२३ साली पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे काढले. आपण मात्र दुसऱ्याने काढून ठेवलेला सदरा दिवाळीला शिवायला टाकणार!

माझे मागणे साधे आहे. आधी शाळेला पुरेसे शिक्षक द्या, त्यांच्या डोक्यावरचे नोंदींचे ओझे उतरवा, मग टॅब्लेट खुशाल आणा. तो बाईंच्या हातात शोभेल, बाईंच्या खुर्चीत नाही. हे जमत नसेल तर निदान टॅब्लेटच्या खोक्यात एक खडू टाकून पाठवा. वीज गेल्यावर तास तरी चालू राहील.