कोळ्यावर ढकललेली भीती

भयकथा लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींशी मला भांडायचं आहे. पण आधी माझाच गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. म्हैसूरच्या अग्रहारातलं जुनं घर, माडीवरची बंद खोली, करकरणारं दार, तोंडावर येणारं जळमट आणि शेवटच्या ओळीत कोपऱ्यातून सावकाश खाली उतरणारा तळहाताएवढा कोळी. अंगावर काटा आला, असं बऱ्याच जणांनी कळवलं. माझ्या चुलत बहिणीने मात्र फोन करून एवढंच विचारलं, "दादा, ती आत्याची खोली ना? मग त्यात कोळी कशाला घातलास?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. घातला, कारण तो स्वस्त पडतो.

यावर नेहमीचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. कोळ्याची भीती उपजत असते, लेखक फक्त ती वापरतो, असं म्हणतात. आठ पाय, आवाज नाही, कुठून कधी येईल याचा भरवसा नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात युरोपातल्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रं दाखवली. कोळी पाहताना बाळांच्या डोळ्यांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. मान्य. पण बाळ चमकलं म्हणजे भयकथा झाली असं नाही. चमकणं शरीराचं असतं. त्याला अर्थ देण्याचं काम गोष्टी करतात, आणि तो अर्थ धोक्याच्या हिशेबाने ठरत नाही.

सापाचंच बघा. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. तरीही आपण नागपंचमीला पाटावर नाग काढतो, म्हैसूरात पिंपळाच्या पारावरच्या नागशिळांना हळदकुंकू वाहतो, आणि सिनेमात नागिणीला प्रेयसीही करतो. खरोखर जीव घेणाऱ्या प्राण्याला देवपण आणि नायिकापण मिळालं. कोळ्याच्या वाट्याला आला पडक्या वाड्याचा कोपरा.

या शहराच्या नावाचाही एक कोळी आहे. 1895 साली पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि 'पोएसिलोथेरिया स्ट्रायाटा' असं नाव दिलं. इंग्रजीतल्या त्याच्या रूढ नावात म्हैसूर आहे. मोठा, केसाळ, पायांवर नक्षी असलेला, झाडाच्या ढोलीत राहणारा. भयकथेला हवा तसा. चावला तर खूप दुखतं, स्नायूंत गोळे येतात. पण या कुळाच्या चाव्याने माणूस दगावल्याची नोंद नाही. उलट त्याच्या देखणेपणामुळे परदेशातले हौशी लोक त्याला काचेच्या पेटीत पाळतात. ही खरेदी-विक्री इतकी वाढली की 2019 मध्ये या सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. ढोल्यांची जुनी झाडंही तुटत चालली आहेत. कोणी कोणाला भ्यायला हवं, ते वाचकांनी ठरवावं.

आणि कोळी आपल्याकडे कायम कोपऱ्यातच होता असंही नाही. मुंडक उपनिषदात अक्षरब्रह्मातून विश्व कसं प्रकटतं हे सांगताना पहिला दृष्टान्त येतो तो कोळ्याचा: स्वतःतून धागा काढणारा आणि तो परत आत घेणारा. आंध्रातल्या श्रीकालहस्तीच्या नावातला 'श्री' म्हणजे शिवभक्त कोळी, असं स्थलपुराण सांगतं. तमिळनाडूतल्या तिरुवानैक्कावलच्या कथेत शिवलिंगावर जाळ्याचं छत विणणारा कोळी पुढच्या जन्मी चोळ राजा होतो. कन्नडमध्ये 'जेड' म्हणजे कोळी आणि 'जेड' म्हणजे विणकरही. जेडर दासिमय्या हा आद्य वचनकारांपैकी एक, व्यवसायाने विणकर. मराठीने तर त्याला मासेमारांचं नाव दिलं. या दोन्ही भाषांना त्या प्राण्यात राक्षस दिसला नाही, कामकरी माणूस दिसला. एकीला मागाशी बसलेला, दुसरीला जाळं टाकून वाट बघणारा.

'आपलं ते सगळं चांगलं आणि पश्चिमेने आम्हाला बिघडवलं' असं रडगाणं मला गायचं नाही. पडून पडून पुन्हा चढणारा, हरलेल्या राजाला धीर देणारा कोळी आपल्याला शाळेत भेटला, तो स्कॉटलंडचा. आणि कोळ्यावरची मला ठाऊक असलेली सगळ्यात भेदक भयकथा स्विस आहे: जेरेमियास गॉटहेल्फची 1842 ची 'काळा कोळी'. जुलमी सरदाराच्या वेठबिगारीने पिचलेलं गाव सैतानाशी सौदा करतं. मोबदला म्हणून बाप्तिस्मा न झालेलं मूल द्यायचं. सौदा ठरवणाऱ्या बाईच्या गालावर सैतान ओठ टेकतो, तिथूनच पुढे कोळी निघतो आणि गावात मरण पसरतं. अखेर एक आई स्वतःचा जीव देऊन त्याला खिडकीच्या खांबातल्या भोकात कोंडते. पुढच्या पिढ्या त्याच घरात, त्या खांबाशेजारी जेवतात, झोपतात. इथे कोळी फुकटचा नाही. त्या सौद्याचा फायदा सगळ्यांना हवा होता आणि दोष मात्र एका बाईवर टाकायचा होता. कोळी त्या हिशेबातून जन्मतो.

माझ्या कथेतला कोळी कशातूनही जन्मला नव्हता. तो मी बाहेरून आणून सोडला होता.

2002 च्या 'मकडी' या हिंदी चित्रपटात ओसाड वाड्यातल्या चेटकिणीचं नावच मकडी आहे. ती मुलांना कोंबड्या-कुत्री करते. कोळ्यासारखं तिला काही करावंच लागत नाही, नाव पुरतं. आपल्या भयकथांतही हेच चालतं. कोळी दिसला की वाचक घाबरायला तयार होतो, आणि लेखकाला पुढचं काही सांगावं लागत नाही. घर ओसाड का पडलं? खोली कोणी बंद केली? ही माणसांची भीती असते. ती आपण कोळ्यावर ढकलतो आणि मोकळे होतो.

आता आत्याची खोली. नवरा गेल्यावर ती तिशीत माहेरी आली आणि माडीवरच्या त्या खोलीत चाळीस वर्षं राहिली. शेवटची काही वर्षं तिला जिना उतरवत नव्हता. ताट वर जायचं; माणसं फारशी जात नसत. मी सुट्टीत आलो की खालूनच ओरडायचो, "आत्या, बरी आहेस ना?" वरून "हो रे" यायचं. ती गेल्यावर घराच्या वाटणीवरून भांडण लागलं आणि खोलीला कुलूप. अकरा वर्षांनी मी ते उघडलं.

तोंडावर आलं ते जळमट होतं. मराठीत जाळं आणि जळमट हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. जाळं वापरातलं असतं. जळमट म्हणजे सोडून दिलेलं, धूळ धरलेलं. जिथे संध्याकाळी दिवा लागतो तिथे किडे येतात, आणि किड्यांमागे कोळी येतो. आत्या होती तेव्हा तिच्या खिडकीत एक होता. 'माझा सोबती' म्हणायची, दसऱ्याच्या झाडलोटीत त्याचा कोपरा झाडू द्यायची नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते कथेतून वगळलं. कारण त्या अकरा वर्षांच्या अंधारात कोळी नव्हताच. तोही निघून गेला होता. तो खाली उतरतो ही माझी शेवटची ओळ निव्वळ थाप होती, आणि तिने एका म्हातारीचं चाळीस वर्षांचं एकटेपण झाकलं.

लेखकमित्रांनो, भीती लिहा, जरूर लिहा. फक्त यापुढे हात कोळ्याकडे गेला की क्षणभर थांबा आणि त्या खोलीत कोण जायचं थांबलं, ते आधी लिहा. तेवढं लिहूनही कोळी लागलाच, तर खुशाल आणा. मी ती कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. पहिलं वाक्य जिन्याखालून ओरडणाऱ्या भाच्याचं आहे, आणि मला ते अजून मोठ्याने वाचवत नाही.