गाठोडी आणि निवड

पूर्व आफ्रिकेच्या बाजारांत परदेशांतून आलेल्या वापरलेल्या कपड्यांना स्वाहिली भाषेत ‘मितुंबा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ गाठोडी. झांबियात त्यांना ‘सालाउला’ म्हणतात, म्हणजे ढिगातून उपसून काढणे. रवांडातला शब्द ‘चागुवा’. तो स्वाहिलीतल्या ‘निवड’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. घानातले नाव सर्वांत बोचरे आहे : ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’. इतके धडधाकट कपडे जिवंत माणूस टाकून देईल हे लोकांना पटेना, त्यातून हे नाव पडले असे सांगतात. मराठीत आपल्याकडे ‘जुने कपडे’ एवढेच आहे. वाजिदा तबस्सुम यांची ‘उतरन’ ही उर्दू कथा वाचलेल्यांना दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्यात काय काय शिवलेले असते हे सांगायला नको.

मराठीच्या प्राध्यापकाने जकातीच्या भानगडीत पडू नये, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. पण रवांडाची गोष्ट मुळात ‘दान’ आणि ‘अट’ या दोन शब्दांची आहे.

अमेरिकेने २००० साली ‘आफ्रिकन ग्रोथ अँड अपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ हा कायदा केला. सहाराच्या दक्षिणेकडील पात्र देशांचा हजारो प्रकारचा माल अमेरिकेत बिनजकात येऊ लागला. त्यात तयार कपडे महत्त्वाचे. बदल्यात या देशांनी अमेरिकी मालावरची जकात माफ करण्याची सक्ती नव्हती, म्हणून ही सवलत एकतर्फी म्हटली जाते. पात्रतेच्या अटींत मात्र एक कलम होते : अमेरिकेच्या व्यापारातील अडथळे दूर करण्याकडे त्या देशाची वाटचाल हवी.

२०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी देशांच्या संघाने आपापला वस्त्रोद्योग उभा राहावा म्हणून २०१९ पर्यंत जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. रवांडाने त्या वर्षी किलोमागे वीस सेंट असलेला कर अडीच डॉलरवर नेला. २०१७ मध्ये अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली, की यामुळे अमेरिकेतील चाळीस हजार रोजगार धोक्यात येतील. केनियाने लगेच माघार घेतली, मग टांझानिया आणि युगांडाने. रवांडा अडून राहिला. ३० जुलै २०१८ रोजी त्याच्या तयार कपड्यांची बिनजकात सवलत स्थगित झाली. अमेरिकेच्याच हिशेबाने तो व्यापार वर्षाला सुमारे पंधरा लाख डॉलरचा होता. एवढ्याशा रकमेसाठी एका छोट्या देशाला धडा दिला गेला. धडा अर्थातच शेजाऱ्यांसाठी होता.

यातला पेच असा. कपडे शिवा, आम्ही जकात घेणार नाही, असे सांगायचे; आणि शिवणाऱ्याची घरची बाजारपेठ आमच्या टाकाऊ कपड्यांसाठी उघडी राहिलीच पाहिजे, असेही बजावायचे. मग उद्योग वाढतो तो केवळ परक्या मागणीवर. लेसोथोत या कायद्यामुळे हजारो स्त्रियांना काम मिळाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथले बहुतेक कारखाने परदेशी मालकीचे आणि कापडही बरेचसे बाहेरून येणारे. २०१५ साली मिळालेली दहा वर्षांची मुदतवाढ सप्टेंबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा या स्त्रियांच्या चुलीचे भवितव्य वॉशिंग्टनच्या वेळापत्रकावर टांगलेले होते. भारतालाही ५ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या दुसऱ्या एका सवलत-योजनेतून वगळण्यात आले. पण आपल्या घरच्या बाजाराचा आकारच असा, की आपल्याला तो फटका झेपला.

रवांडाच्या सरकारला मी नायक ठरवत नाही. चागुवा विकणारी बाई, जुनी विजार उसवून गिऱ्हाइकाच्या मापाची करून देणारा शिंपी, हेही स्थानिक व्यवसायच होते आणि करवाढीचा पहिला घाव त्यांच्यावर बसला. रिकामी झालेली जागा देशी कापडाने भरण्याऐवजी स्वस्त चिनी कपड्यांनीही भरली. १९२१ साली परळला विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा ज्याच्या घरी दुसरा सदराच नव्हता त्याचे काय, हा प्रश्न जसा रास्त होता, तसाच हाही आहे. फक्त त्याचे उत्तर किगालीत शोधले जायला हवे होते. चूक करण्याचा हक्कही त्यातच आला.

आपण मात्र केवळ प्रेक्षक नाही. २००८ पासून भारतही अतिअविकसित देशांना बिनजकात सवलत देतो, म्हणजे आपणही दात्यांच्या पंगतीत बसलो आहोत. शिवाय पाश्चात्त्यांनी टाकलेले कपडे कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात येतात, बायका ते निवडतात आणि त्यातली बरीच गाठोडी पुढे आफ्रिकेकडे रवाना होतात. माझ्या लहानपणी दारावर बोहारीण येई. आई साड्या पुढे करी, ती काठ दोन बोटांत धरून बघे, मग एखादे पातेले दाखवी. आईला मोठे हवे असे. घासाघीस अर्धा तास चाले, आणि नाहीच जमले तर ती पातेले टोपलीत परत ठेवून पुढच्या दाराकडे निघून जाई.