नाकातले छर्रे

नाशिकजवळच्या ओझरला बांधलेली मिग-२१ विमाने २०२५ साली हवाई दलातून निवृत्त झाली. आमच्या धाकट्याने त्याचेच १:७२ मापाचे प्लॅस्टिकचे मॉडेल जोडले. पंखांची रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर! आठ रात्री खपून पोराने पातळ हातांनी रंग चढवला, चाकांवर उभे केले, तर ते बसले शेपटीवर. पोर रडकुंडीला आले.

चूक माझी. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात वजन भरायचे, हे सोबतच्या कागदावर होते. कचेरीत दिवसभर कागद वाचणारा मी, न वाचताच 'चिकटव' म्हणालो. हा डिंक प्लॅस्टिक विरघळवूनच सांधतो. मग उकलायचे कसे?

पुढच्या पगाराला दुसरे मॉडेल आणू. सायकलचे छर्रे पोराने आत्ताच डबीत जमवलेत. कागद तोच वाचणार.