पोलीस ठाण्याची पारख कोणी करावयाची?

होटगी हे रेल्वेचे जंक्शन. येथून एक मार्ग विजयपूरमार्गे गदगकडे वळतो आणि प्रवासी १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कक्षेतून १९६३ च्या कर्नाटक पोलीस अधिनियमाच्या कक्षेत शिरतो. गाडी तीच, पोलिसांविरुद्ध दाद मागण्याची वाट मात्र बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. कर्नाटकाने कायद्यात जिल्हा प्राधिकरणाची तरतूद केली. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग एवढ्यावरच भागविले. सोलापूर जिल्हा पुणे विभागात मोडतो. होटगीच्या शेतमजुराने अडीचशे किलोमीटरांवरील पुण्याकडे डोळे लावून बसावे, हे न्यायाला धरून नाही.

तथापि मूळ उणीव याहून खोल आहे. तक्रार प्राधिकरण हे अन्याय घडल्यानंतरचे औषध. तो घडूच नये म्हणून काय? शिक्षकाला पात्रता परीक्षा, वकिलाला सनद, महाविद्यालयाला ‘नॅक’चे मूल्यांकन, पोलीस ठाण्याला मात्र खात्याबाहेरच्या मानांकनाची वैधानिक कसोटी नाही. राज्यातील अनेक ठाण्यांनी ‘आयएसओ’ प्रमाणपत्रे मिळविली. परंतु ती कार्यपद्धतीची पावती होय, कोठडीतील माणसाला मिळणाऱ्या वागणुकीची हमी नव्हे. अमेरिकेत १९७९ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्याच संघटनांनी मानांकन आयोग स्थापिला. त्यात सहभाग ऐच्छिक आहे. आणि ज्याला तपासणीचे भय, तो ऐच्छिक तपासणीस सहसा सामोरा जात नाही. म्हणून आपल्याकडे ही कसोटी कायद्यानेच बंधनकारक करावी.

निकष नव्याने शोधावयाचे नाहीत. दखलपात्र गुन्हा नोंदविणे, फिर्यादीला त्याची प्रत विनामूल्य देणे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयाप्रमाणे कॅमेरे चालू ठेवणे ही कर्तव्ये आजही आहेतच. स्वतंत्र मंडळाने पूर्वसूचनेविना तपासणी करावी आणि अहवाल ठाण्याच्या दारावर मराठीत, दक्षिण सोलापुरासारख्या भागात कन्नडमध्येही, लावावा.

मनुष्यबळ अपुरे आहे, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. किंबहुना म्हणूनच रिक्त पदे, कामाचे तास आणि निवासस्थाने यांचीही नोंद त्या अहवालात हवी. मग अपयशाचे खापर केवळ हवालदाराच्या माथी फुटणार नाही. मंत्रालयालाही उत्तर द्यावे लागेल. असा कायदा लांबणीवर पडत आला आहे, तो कदाचित याच कारणाने.