माइकच्या मागचा माणूस

रॅप म्हटलं की आपल्याला माइक धरलेला माणूसच दिसतो. एलएल कूल जे, नास ही नावं पोरांना पाठ असतात. मार्ली मार्ल कोण, विचारा. बहुतेक जण गप्प.

मार्ली, म्हणजे मार्लन विल्यम्स, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजचा. तीन हजारांहून जास्त घरांची सरकारी वसाहत ही. स्टुडिओत काम करताना रेकॉर्डवरचा एक तुकडा घ्यायला गेला, तर सॅम्पलरमध्ये स्नेअर ड्रमचा ठोकाही आला. दुसऱ्याने चूक म्हणून पुसला असता. याच्या लक्षात आलं की हा ठोका आता बटण दाबून हवा तिथे वाजवता येतो! तोवर ड्रम मशीनच्या कोरड्या आवाजावर भागवा, नाहीतर पैसे मोजून वादक बोलवा, एवढंच हातात होतं.

१९८४ साली त्याच वसाहतीतल्या १४ वर्षांच्या रोक्सॅन शांतेचं ‘रोक्सॅन्स रिव्हेंज’ त्याने आपल्या घरातच रेकॉर्ड केलं. पुढे एमसी शानबरोबर ‘द ब्रिज’ केलं. वसाहतीचं नाव एवढं गाजलं की साउथ ब्राँक्सच्या केआरएस-वनने गाण्यातूनच उत्तर दिलं. पत्र्यावरचा पत्ता असा अभिमान झाला, त्यात मार्लीच्या कानाचा वाटा मोठा आहे.

पण एक गोष्ट मला टोचते. एलएल कूल जेचं १९९० चं ‘मामा सेड नॉक यू आउट’ मार्लीनेच घडवलं. त्यात जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’चे ड्रम आहेत. ते वाजवले क्लाइड स्टबलफील्डने. त्याचे ठोके कितीतरी रॅप गाण्यांत वाजले, पण मूळ गाण्याच्या रचनाकारांत त्याचं नाव नव्हतं. म्हणून रॉयल्टीवर हक्कही नाही. घाम एकाचा, कागद दुसऱ्याचा. राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही सत्ता शिकतो, ती हीच.

मग सॅम्पलिंग म्हणजे चोरी का? मी नाही म्हणत. ज्यांना वाद्यं परवडत नव्हती त्यांचं ते वाद्य होतं. पण ज्याचा ठोका घेतला त्याचं नाव आणि वाटा द्यायलाच हवा. माइकच्या मागच्याने तरी हे विसरू नये.

सुरुवात आपल्यापासून करूया. मित्राचं गाणं शेअर करताना बीट कुणी केली, मिक्सिंग कुणी केलं, तेही लिहा. एका ओळीचं तर काम आहे.